हौसाक्काचे मोजणीवाले

परवा बँकेतल्या मुलीनं काचेपलीकडून गोड हसत मला सांगितलं, "आजी, तुमचं खातं सध्या थांबवलंय." मी म्हटलं, "कुणी थांबवलं?" तर म्हणे, "सिस्टीमनं." ओळखीचे कागद पुन्हा एकदा द्यायचे होते, ते माझ्याकडून राहिले होते, एवढंच. "पैसे तुमचेच आहेत हो," ती म्हणाली, "फक्त आत्ता काढता येणार नाहीत." आणि तिनं पुढच्या माणसाला हाक मारली.

मी बाहेर येऊन पायरीवर टेकले. आणि काय सांगू, या वयात, भर दुपारी, मी मान वळवून बँकेच्या भिंतीकडे बघितलं. भिंतीच्या कडेकडेनं कोणी साखळी ओढत चाललंय का, ते बघितलं. कोणी नव्हतं. एक कुत्रं झोपलं होतं. हसू नका. आमच्या गल्लीतली अर्धी म्हातारी माणसं पैशाचं काही वाकडं झालं की अशीच मान वळवतात. ही सवय आम्हाला हौसाक्कानं लावली.

हौसाक्का आमची शेजारीण, भिंतीला भिंत. निगडीचं हे प्राधिकरण, हे आखीव रस्ते, नंबर दिलेले सेक्टर, प्रत्येक फाटकाशी जास्वंद, हे सगळं व्हायच्या आधी इथे वावरं होती, आणि त्यातलं एक तिच्या वडिलांचं. सरकारनं जमीन घेतली, मोबदला दिला, गाव आक्रसून एका कोपऱ्यात गेलं. हौसाक्काचं लग्न दापोडीतल्या एका फिटरशी झालं. पुढे त्या फिटरनं घरासाठी अर्ज केला, सोडत निघाली, आणि घर लागलं ते नेमकं तिच्या बापाच्या वावरात! तेही नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यानं. "बापाच्या रानात भाडेकरू," अशी ती स्वतःची ओळख करून द्यायची आणि पदर तोंडाला लावून हसायची.

आमची गल्ली सपाट डांबरी आहे. पण हौसाक्का चालताना एका ठराविक जागी पाऊल चांगलं गुडघ्यापर्यंत उचलायची आणि पलीकडे टाकायची. हातात डब्यांची पिशवी असली तरी. नवीन आलेली माणसं बघत राहायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "बांध हाय न्हवं तितं." आम्ही राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात ती वाटीभर आमटी घेऊन आली, माझ्या ओट्याशी उभी राहिली, खाली फरशीकडे बघितलं आणि म्हणाली, "सुमन, जपून उभी ऱ्हात जा गं. आमच्या हिरीवर हाय तुजी शेगडी." दुपारी सगळं सामसूम झालं की माझ्या सिंकमधून खोलवर कुठेतरी, विहिरीत पोहरा पडावा तसा डबुक असा आवाज यायचा. प्लंबर म्हणाला, पाइपात हवा धरते. मी बरेच दिवस त्याच्यावर विश्वास ठेवला.

तिचा नवरा लवकर गेला. मागे राहिली ती आणि बाळू. बाळू तिचा एकुलता एक. अंगानं दणकट, डोक्यावर दाट केस, चेहऱ्यावर सदा एक समाधान, पण अक्कल पाच-सहा वर्षांच्या पोराएवढीच राहिलेली. बोलायचा मोजकं. पैसे हातात दिले तर कुणालाही देऊन टाकायचा. हौसाक्का पहाटे उठून शिफ्टच्या माणसांसाठी पोळी-भाजीचे डबे करायची, त्यातून दोघांचं भागायचं आणि चार पैसे मागे पडायचे. आणि तिच्या डोक्यात रात्रंदिवस एकच भुंगा. ती बोलूनच दाखवायची, कुणासमोरही. "माझ्यामागारी ह्याचं काय? मी कुटं ठिवू म्हंजी ह्याला पुरंल? अन् ज्या जागी ठिवीन, ती जागा तवर जाग्यावर ऱ्हाईल का?"

तुम्ही-आम्ही गुंतवणूक म्हणतो ती म्हातारपणासाठी, पोरांच्या शिक्षणासाठी. तिची गुंतवणूक स्वतःच्या मरणापलीकडची होती. म्हणून तिला सगळं कळायचं. डबे घेणाऱ्या कारकुनांकडून, बँकेतल्या शिपायाकडून, पोस्टातल्या बाईकडून ती ऐकून ऐकून शिकली. कुठल्या ठेवीवर किती व्याज, कुठे कर कापतात, वारस लावायचा कसा. लिहायला सहीपुरतं यायचं, पण बजेटच्या दिवशी रेडिओला कान लावून बसायची.

आमचे हे देहूरोडच्या कारखान्यात हिशेबाच्या खात्यात होते. पक्के सरकारी. पैसा ठेवायचा तो पोस्टात नाहीतर भविष्य निर्वाह निधीत, बाकी सगळं जुगार, असं त्यांचं मत. दोघांची रोज जुंपायची.

"काय आक्का, आज कुणीकडं मोजणी?" पुढे पुढे हे फाटकातून विचारायचे.

"तुमच्या डोस्क्याकडं चालली व्हती. पन तितं समदी मोकळी जागा बघून परत फिरले बिचारे."

ही मोजणीची भानगड मला कळली त्याला कारण आमची सहकारी बँक. नाव कशाला घेऊ, आता ती नाहीही. गल्लीतल्या सगळ्यांची खाती तिथेच. मॅनेजर ओळखीचा, दिवाळीला पेढा द्यायचा. एका सकाळी हौसाक्का डबे पोचवायला निघाली आणि थोड्या वेळानं भरलेले डबे तसेच घेऊन माझ्या दारात. चेहरा उतरलेला.

"सुमन, बँकंच्या मागल्या अंगाला आल्यात."

"कोण?"

"मोजनीवाले."

मी तिला पाणी दिलं, खुर्चीत बसवलं. मग तिनं सांगितलं. तिच्याच शब्दांत सांगते, कारण माझ्या शब्दांत ते उगाच गोष्टीसारखं वाटेल.

"मी परकरात व्हते बघ. जुंधळा निसवला व्हता, मानसाच्या डोक्याच्या वर. मी राखनीला बसल्याली. तर पिकातनं तिघं जण आले. एकाच्या हातात तांबडा-पांढरा दांडू, दोघं साखळीची दोन टोकं धरून. मानसं चालत्यात, साखळी वडत्यात, अन् जुंधळ्याचं एक ताट हालत न्हाई, सुमन. मला वाटलं तहानले असत्याल. तांब्याभर पानी दिलं. तिघंबी प्याले. घटाघटा प्याले, नरड्याचा आवाज आला मला. तांब्या परत दिला तवा काठोकाठ भरल्याला. मी पळत जाऊन बाला सांगितलं. बा आला, बघितलं, कोन न्हाई. माझ्याच थोबाडीत दिली. अन् म्होरल्या उन्हाळ्यात खरी मानसं आली. तसलाच दांडू, तसलीच साखळी. रान गेलं."

"आणि नंतर?"

"नंतर काय. कवा कवा दिसत्यात. पोस्टाच्या आवारात दिसले, तवा व्याज उतरलं. सोनाराच्या बोळात दिसले, तवा सोन्यावर कायतरी नवीन कागद लागला. वंगाळ न्हाईत गं ते. कुनाला शिवत न्हाईत, बोलत न्हाईत. मोजत्यात अन् जात्यात. पन मोजल्यालं पुन्हा आपलं ऱ्हात न्हाई."

तिनं त्याच दिवशी बँकेतले पैसे काढले. मॅनेजर हसला म्हणे. आमचे हेही हसले. मीही हसले असेन. थोड्याच दिवसांत बँकेच्या दारावर कागद लागला. निर्बंध आले होते. एका खात्यातून चहा-साखरेपुरते पैसे मिळतील, बाकी पुढच्या आदेशापर्यंत नाही. दारावर जी गर्दी झाली ती मी विसरणार नाही. कोणी ओरडत नव्हतं. माणसं नुसती कागद वाचत होती, मागे सरत होती आणि पुन्हा पुढे येऊन तोच कागद वाचत होती.

त्यानंतर गल्लीचा सूर बदलला. जे टिंगल करायचे ते संध्याकाळी चहाच्या निमित्तानं तिच्या ओट्यावर येऊन टेकायला लागले. इकडचं तिकडचं बोलायचे, मग हळूच, "आक्का, दिसले का हो कुठे?" तळेगावला प्लॉट घेऊ का, चाकणला कंपनी येतेय तिथे गाळा बघू का, ठेव मोडू का. कोपऱ्यावरच्या बंगल्यातला एक आयटीतला मुलगा तर थेट म्हणाला, "मावशी, शेअर बाजाराकडं बघून सांगा ना."

"मला मुंबई दिसत न्हाई रं बाबा. माझा चष्मा टिळक चौकापत्तुरच चालतो."

तिला हे आवडत नसे. "मी काय देवरुशी हाय व्हय?" म्हणायची. कुणाकडून कधी सुपारीचं खांडसुद्धा घेतलं नाही. पण विचारलं तर खोटं सांगत नसे, आणि तिथेच ती फसली.

कारण तिला दिसायचं ते दिसायचं, पण ते काय मोजतायत हे तिला कुणी सांगत नसे. अर्थ तिचा तिलाच लावावा लागायचा. एका वर्षी तिला ते मोठ्या सरकारी बँकेच्या दारात दिसले. दारातून बाहेर येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या मागे साखळी धरून चार पावलं चालत होते म्हणे. तिला वाटलं, ही बँकही बुडणार. सगळी ठेव मोडली, नोटा आणल्या आणि गव्हाच्या पत्र्याच्या कोठीत गव्हाखाली ठेवल्या. तिचं बघून गल्लीतल्या कितीतरी घरांनी तेच केलं. आमचे हे तेवढे अडून बसले.

मग एका संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं की मोठ्या नोटा आजपासून चालणार नाहीत.

सकाळी तिच्या दारात माणसं जमली. "आक्का, तुमच्या भुतांनी बुडवलं की आम्हाला." कोणी त्याहून वाईट बोललं. ती उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "ते बँक मोजीतच न्हवते. बँकंतनं भायेर काय येतंय ते मोजीत व्हते. मला उमगलं न्हाई. चुकलं माझं." पैसे काही बुडाले नाहीत तसे, रांगा लावून सगळ्यांचे भरले गेले. पण गव्हाचा कोंडा लागलेल्या त्या नोटा ती काउंटरवर एकेक करून झटकत राहिली. तिचा तिच्या डोळ्यांवरचा विश्वास तेव्हा उडाला. दिसणं थांबलं नाही, पण त्याच्या भरवशावर बाळूचं पुढचं बांधायचं, हे संपलं.

त्याच रांगेत एक गोष्ट झाली. ऊन होतं, एक म्हातारे गृहस्थ भोवळ येऊन खाली बसले. त्यांची मुलगी रांग सोडेना, नंबर गेला असता. बाळू जाऊन त्यांच्या शेजारी फुटपाथवर बसला. त्यांचा हात हातात घेतला आणि बसून राहिला. रांग सरकत गेली, ऊन उतरलं, बाळू हलला नाही. कंटाळला नाही, उठून गेला नाही, इकडे तिकडे बघितलं नाही. संध्याकाळी ती मुलगी हौसाक्काचे पाय धरायला आली तर हौसाक्का बाळूकडे टक लावून बघत होती, जणू तिनं हा मुलगा पहिल्यांदाच पाहिला.

पुढे माझ्या धाकट्या जावेच्या मुलानं, निखिलनं, गुंतवणूक सल्लागाराचं काम सुरू केलं. मी त्याला म्हटलं, आक्काकडे जा, बाळूसाठी काही नीट लावून दे. गेला बिचारा लॅपटॉप घेऊन. मीही बरोबर होते.

"आक्का, सगळं एका जागी नाही ठेवायचं," तो समजावत होता. "थोडं म्युच्युअल फंडात, थोडं सरकारी रोख्यांत, थोडं सोन्यात, थोडं ठेवीत. म्हणजे एक पडलं तरी दुसरं उभं."

"बरं. अन् ह्ये समदं उघडायचं कशानं?"

"सोपं आहे. तुमचं आधार, पॅन आणि मोबाईल नंबर."

"समद्याला तेच?"

"हो, सगळीकडे तेच. सोयीचं आहे ना."

हौसाक्का लसूण सोलत होती. पाकळी तशीच बोटांत धरून म्हणाली, "मंग येगळं येगळं कसं झालं रं पोरा? खोल्या धा केल्या, पन किल्ली येकच. अन् ती किल्ली सरकारच्या कनवटीला. त्यानं मनात आनलं तर धाच्या धा खोल्यांना येका दमात कुलूप."

निखिल हसला. पण घरी येऊन चहा पिताना म्हणाला, "काकू, मुद्दा बरोबर आहे तिचा. आम्ही कंपन्या बघतो, भाव बघतो. नियम रात्रीतून बदलला तर काय, हे आमच्या तक्त्यात कुठे बसतच नाही."

तरीही त्यानं बाळूचं आधार नव्यानं करून घ्यायला सांगितलं, कारण जुनं कुठेच जुळत नव्हतं. आम्ही तिघं केंद्रावर गेलो. बाळूनं बोट यंत्रावर ठेवलं. उमटेना. मुलीनं बोट पुसलं, दुसरं ठेवलं, अंगठा ठेवला, मलम चोळलं. यंत्र आपलं लाल ते लालच. डोळ्यांचं यंत्र लावलं तर बाळूची नजर त्यात ठरेना. ती मुलगी शेवटी घाबरल्यासारखी झाली. "मावशी, यांचं काहीच उमटत नाहीये. असं कधी झालं नव्हतं."

परतताना रिक्षात हौसाक्का लहान पोरीसारखी हसत होती. बाळूच्या मांडीवर थापट्या मारत होती. "घावत न्हाई! माझा बाळू त्यास्नी घावतच न्हाई!" रिक्षावाला आरशातून बघत होता. आणि मग भक्ती-शक्ती चौक मागे पडला तसं तिचं हसू हळूहळू विझलं. घराशी उतरताना माझा दंड धरून म्हणाली, "सुमन, घावला न्हाई, तर त्याला द्येनार तरी कसं गं? पगार, पेन्शन, माझ्यामागारी माझी ठेव, समदं अंगठ्यावर. न मोजल्याल्या मानसाला कोन काय द्यील?"

पुढे खूप खेटे घालून कसंबसं त्याचं काम झालं, वेगळ्या अर्जानं. पण तो दिवस तिच्या मनात रुतून बसला. त्यानंतर ती सरकारला कधी शिव्या देताना दिसली नाही. आमचे हे मुद्दाम डिवचायचे तेव्हा म्हणायची, "रस्ता त्यानंच क्येला, नळाला पानी तेच सोडतंय. वंगाळ न्हाई सरकार. त्याला मोजायची सवं हाय, अन् हात दिसंदिस लांब होतोय. मी त्येच्याशी भांडत न्हाई. पन माझं समदं त्येच्या दावनीला बांधनार न्हाई." थोडी ठेव बँकेत राहू दिली. थोडे पैसे निखिलच्या फंडात घातले, पोराचं मन राखायला. दोन बांगड्या केल्या. आणि मग तिनं जे केलं, ते मी तरी दुसऱ्या कुणी केलेलं पाहिलं नाही.

तिच्या गावात सावड असायची. आज माझे बैल तुमच्या रानात, उद्या तुमचे माझ्या. आज माझ्या घरची दोन माणसं तुमच्या खुरपणीला, उद्या तुमची माझ्या काढणीला. पैशाची भाषा नाही. हौसाक्कानं ती सावड या सिमेंटच्या सेक्टरात काढली. बैल तिच्याकडे नव्हते. बाळू होता, आणि बाळूला बसता यायचं.

आमच्या भागात काय कमी आहे सांगा? बंगले आहेत, गाड्या आहेत. पोरं हिंजवडीला, नाहीतर समुद्रापलीकडे. मागे म्हातारी माणसं अंथरुणाला खिळलेली, आणि त्यांच्याजवळ बसायला कोणी नाही. नर्स येते, सुई देते, मोबाईल बघते. हौसाक्का पहिल्यांदा गेली ती समोरच्या कुलकर्णीबाईंकडे, त्यांच्या सासूबाई वर्षभर झोपून होत्या.

"माझा बाळू तुमच्याकडं सोमवारी बसंल."

"बसेल म्हणजे? काय करेल?"

"बसंल."

"अहो, पण पैसे किती...?"

"पैसं न्हाईत. दुपारी पानावर घ्या. अन् कवा माझं काम पडलं तर न्हाई म्हनू नका."

सोमवार कुलकर्णींचा. शुक्रवार रशीदभाईंचा. कोपऱ्यावर त्यांचं गाड्यांच्या बॅटऱ्यांचं दुकान, मागच्या खोलीत त्यांचे वडील. अब्बांना काही आठवत नसे, उठून रस्त्यावर जायचे. दुपारी रशीदभाई आणि त्यांचा भाऊ नमाजला गेले की बाळू अब्बांजवळ बसायचा. रशीदभाई मला म्हणाले होते, "भाभी, हमारे अब्बा किसी का हाथ नहीं पकडते. ह्या बाळूचा हात सोडत नाहीत." वर्षं गेली तशी एकेका घराचा एकेक वार ठरला, आणि बाळूला एकेका घरचं ताट ओळखीचं झालं. कुठल्या घरी आमटी गोड, कुठे तिखट, चप्पल कुठे काढायची, पाणी कुठल्या माठातलं. हौसाक्का कधीच कुणाला म्हणाली नाही की माझ्यामागे याला सांभाळा. तेवढं एक वाक्य सोडून तिनं सगळं पेरून ठेवलं. निखिल म्हणायचा, पालक म्हणून कागदावर कुणाचं तरी नाव लागेल, सांगा कुणाचं घालू. ती विषय बदलायची.

मला कळत होतं ते वाक्य कुणाच्या दारात येऊन थांबलंय. माझा मुलगा फोनवर बजावायचा, "आई, तू त्या भानगडीत पडू नकोस हं. तुझंच वय काय आता." मीही विषय बदलायची.

मग आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला. गुरुवार आमचा होता, पण बाळू रोज यायला लागला. ज्या माणसानं त्याच्या आईची जन्मभर थट्टा केली, त्याच्या उशाशी तो तासन्‌तास बसायचा. ह्यांची वाचा गेली होती, पण बाळू आला की डोळे निवायचे. एका दुपारी मी औषध घेऊन खोलीत आले तर बाळूनं पाय खुर्चीखाली आखडून घेतलेले, खुर्ची भिंतीला सरकवलेली आणि नजर दारापासून पलंगापर्यंत हळूहळू फिरत होती, जशी आपण कुणी जवळून जाताना फिरवतो. मी म्हटलं, "काय रे बाळू?" तो म्हणाला, "जागा दिली." "कुणाला?" नुसता हसला.

त्या आठवड्यात हे गेले.

दिवस झाल्यावर मी हौसाक्काला विचारलं, बाळूलाही दिसतात का गं? ती माझ्यावर कधी ओरडली नव्हती, त्या दिवशी ओरडली. "त्याला कायबी दिसत न्हाई! पाय अवघडलं असत्याल त्येचं. पुन्हा हे तोंडातनं काढू नगंस." आणि फाटक आपटून गेली. पण मी तिचा चेहरा पाहिला होता. रागाचा नव्हता तो.

गेल्या हिवाळ्यात ती खंगत चालली. अन्न जाईना. डबे बंद झाले. डॉक्टर म्हणाले, दवाखान्यात न्या, तिथे बघू. ती आज नको उद्या करत राहिली. एका दुपारी मला बोलावून घेतलं. खाटेवर बसली होती, हात मांडीखाली दाबून धरलेले, थंडी वाजत असल्यासारखे.

"घरात आल्यात," ती हळू आवाजात म्हणाली. "काल कोठी मोजली. आज खाट. मी ज्याला हात लावीन, ज्याला माझं म्हनीन, तितं साखळी धरत्यात. म्हनून हात असं ठिवलेत."

मी खोलीभर बघितलं. भिंती, कोठी, देवाचा फोटो. खिडकीतून ऊन येत होतं. बाळू दाराशी स्टुलावर बसला होता. काहीच नव्हतं, खरंच सांगते. पण खोली मला नेहमीपेक्षा लहान वाटली.

"त्याचे क्यास विंचर गं तू," ती म्हणाली. "चार रोज झाले, मी हात लावला न्हाई."

मी बाळूचे केस विंचरले. ती दुसरीकडे तोंड करून बसली होती, पण कान इकडेच होते.

जायचा दिवस तिनंच ठरवला. गुरुवार. म्हणजे बाळू सकाळपासून माझ्याकडे. रशीदभाई गाडी घेऊन आले, मागची सीट आडवी करून गादी घातली. गल्लीतली माणसं फाटकांशी येऊन उभी राहिली. मी आमच्या दारात होते, बाळू माझ्याशेजारी, हातात लाडू. हौसाक्का भिंतीला धरून एकेक पाऊल टाकत बाहेर आली. कुणी हात द्यायला गेलं तर मानेनंच नको म्हणाली. आमच्या फाटकाशी आली आणि थांबली.

तिनं बाळूकडे बघितलं. मी त्या नजरेची काय गोष्ट सांगू. बस स्टॉपवर शेजारी उभ्या असलेल्या परक्या माणसाकडे बघावं, तसं बघितलं. त्यात ओळखीचा कणसुद्धा राहू दिला नव्हता. जबडा तेवढा घट्ट आवळलेला होता. मग मागच्या कुणाला तरी नीट ऐकू जावं अशा मोठ्या, खणखणीत आवाजात तिनं मला विचारलं,

"ह्यो कुनाचा गं पोरगा, सुमन?"

कुलकर्णीबाईंना वाटलं असेल, म्हातारीला भ्रम झाला. बाळूनं लाडू खाणं थांबवलं आणि आईकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"माझा आहे," मी म्हटलं. मग मागे कुणालाही नीट ऐकू जावं म्हणून पुन्हा म्हटलं, जोरात. "माझा आहे, आक्का."

"व्हय का," ती म्हणाली. "ग्वाड हाय." आणि पुढे निघाली. मागे वळून बघितलं नाही.

रशीदभाईंनी तिला गादीवर नीट बसवलं, पायांवर शाल घातली. आत ती एकटीच होती, बाजूला भरपूर जागा होती, आणि ती मात्र अंग चोरून कडेला सरकली. रशीदभाईंनी दार लावायला हात घातला, तर तिनं बोटानं थांबवलं. ते बिचारे काही न विचारता तसेच उभे राहिले, दार धरून, तिघंही आत येऊन बसेपर्यंत.